'ड्वेल' म्हणजे राहणे; मग जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'वाट चुकवणे' कसा?

अनुवादिनी :

नमस्कार. एका गृहप्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना मी एका शब्दापाशी अडखळले, आणि शब्दकोश उघडल्यावर ते अडखळणे कमी होण्याऐवजी वाढले, म्हणून हा धागा काढत आहे.

पुस्तिकेच्या एकाच पानावर 'ड्वेल' हे क्रियापद दोन वेगळ्या कामांसाठी आले होते. वरच्या बाजूला 'ड्वेलिंग युनिट' होते, आणि त्यासाठी आपल्याकडे 'सदनिका' हा शब्द इतका रुळलेला आहे की विचार करावा लागला नाही. खाली मात्र, ताबा देण्यास झालेल्या विलंबाचा ओझरता उल्लेख करून, त्या विषयावर अधिक 'ड्वेल' करण्याची आमची इच्छा नाही, असे बिल्डरने लिहिले होते. घरात राहणे आणि विषयावर रेंगाळणे ही दोन्ही कामे हा शब्द करतो हे शाळेपासून ठाऊक होते. परंतु या दोन अर्थांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

म्हणून व्युत्पत्ती पाहिली. तिथे असे दिले होते की जुन्या इंग्रजीत, म्हणजे ढोबळमानाने इसवी सन ११०० पूर्वीच्या इंग्रजीत, 'ड्वेल्लन' या क्रियापदाचा अर्थ 'भुलवणे, चुकीच्या वाटेला लावणे, फसवणे' असा होता. घराचा किंवा निवासाचा त्यात मागमूस नाही. माणूस कुठे स्थिरावला आहे ते आज ज्या शब्दाने सांगतात, त्याच शब्दाने हजार वर्षांपूर्वी तो कुठे भरकटला ते सांगत असत.

माझे प्रश्न दोन आहेत. हा अर्थ असा उलटा कसा फिरला? आणि मराठीत राहणे, वसणे, वास्तव्य करणे, मुक्काम करणे अशी शब्दांची रांग उभी असताना त्यांपैकी कोणता शब्द 'ड्वेल'च्या सर्वांत जवळ जातो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोशात तीन ओळींत उरकलेले आहे. मला त्या ओळींच्या मधले हवे आहे.

अक्षरवाटा :

अनुवादिनीताई, अर्थ उलटा फिरला असे दिसते खरे, परंतु तो एका दमात फिरलेला नाही. मध्ये पायऱ्या आहेत, आणि त्यांतली महत्त्वाची पायरी समुद्रापलीकडून आलेली आहे.

जुन्या इंग्रजीतील हे शब्दकुळ चर्चच्या लेखनात विशेष भेटते. 'येड्वोला' म्हणजे भ्रम, चूक, आणि धर्माच्या संदर्भात पाखंड. 'येड्वोलमन' म्हणजे पाखंडी मनुष्य. 'येड्वोलगॉड' म्हणजे खोटा देव. (यातला 'ये' हा केवळ उपसर्ग असून आपल्या 'येड्या'शी त्याचा काडीचाही संबंध नाही, तरी मराठी कानाला तो अर्थासकट समजतो हे कबूल केले पाहिजे.) दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक नावाच्या मठवासी लेखकाने आपल्या प्रवचनसंग्रहाच्या प्रस्तावनेत तक्रार केली आहे की पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत आपल्याला फार मोठा 'येड्विल्ड', म्हणजे भ्रम, आढळला आणि अडाणी लोक तेच शहाणपण समजून बसले. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने १०१४ च्या सुमारास, डेनिश स्वाऱ्यांच्या ऐन धामधुमीत, आपल्या लोकांना जे कडक प्रवचन ऐकवले, त्यातही हे 'येड्वोलगॉड' हजर आहेत.

गंमत अशी की ज्यांच्या स्वाऱ्यांबद्दल वुल्फस्टन बोलत होता, त्यांनीच या शब्दाला घराकडे वळवले. ८६५ मध्ये डेनिश लोकांचे मोठे सैन्य इंग्लंडात उतरले, पुढच्याच वर्षी त्यांनी यॉर्क घेतले, आणि कालांतराने त्यांतले पुष्कळजण उत्तरेत व पूर्वेत जमिनी धरून शेतकरी झाले. त्यांच्या नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, भाषेत याच कुळातले 'द्वेल्या' हे क्रियापद होते, पण त्याचा अर्थ 'उशीर करणे, खोळंबणे, थांबून राहणे' असा होता. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या होत्या की शेजाऱ्याचा शब्द आपल्याच शब्दासारखा वाटावा. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या देहात नॉर्स अर्थ शिरला. सुमारे १२०० पर्यंत 'रेंगाळणे, थांबणे' हा अर्थ इंग्रजीत दिसू लागतो आणि तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'घर करून राहणे' हा अर्थही येतो. म्हणजे वाट चुकवणे, त्यातून अडवून ठेवणे, त्यातून उशीर, त्यातून रेंगाळणे, त्यातून थांबणे, आणि थांबता थांबता राहणे.

तुमच्या पुस्तिकेतले 'विषयावर ड्वेल करणे' हे रेंगाळण्याच्या पायरीवरच उभे आहे, तर 'ड्वेलिंग युनिट' शेवटच्या पायरीवर जाऊन पोहोचले आहे. ताबा लांबवणारे बिल्डर मात्र नॉर्स अर्थाने अजूनही 'ड्वेल'च करत आहेत.

खाडीपलीकडे :

अक्षरवाटा यांनी पायऱ्या सांगितल्या, पण 'वाट चुकवणे' आणि 'थांबून राहणे' या दोन गोष्टी कोकणातल्या माणसाला जोडून दाखवाव्या लागत नाहीत. त्या आमच्याकडे एकाच रात्रीत घडतात, आणि त्याला 'चकवा लागणे' म्हणतात.

माझे आजोबा आठवड्याच्या बाजाराहून अंधार पडल्यावर परतत असताना त्यांना एकदा चकवा लागल्याची हकिकत आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. पायाखालची वाट जन्माची ओळखीची, तरी ते चालत राहिले आणि पुन्हा पुन्हा त्याच आंब्याखाली आले. शेवटी जुन्या माणसांनी सांगितलेला उपाय त्यांनी केला. चकवा लागला की चालू नये, आहे तिथेच बसावे, विडी पेटवावी आणि उजाडू द्यावे. सकाळी पाहतात तर घर हाकेच्या अंतरावर होते.

आता या गोष्टीत भुलवणे आहे, अडवणे आहे, उशीर आहे आणि एका जागी रात्र काढणेही आहे. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात ज्याला 'रानभूल' म्हणतात तिची गोष्टही अशीच असते. वाट चुकलेला माणूस फार दूर जातो अशी आपली समजूत असते, पण प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा एकाच जागेभोवती फिरत असतो.

अक्षरवाटा :

खाडीपलीकडे, हकिकत फार आवडली, आणि अर्थाची दोन टोके एका मनात कशी नांदू शकतात हे तिच्यामुळे चटकन कळते. एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. लिखित पुराव्यात जो दुवा सापडतो तो 'अडवणे, खोळंबून ठेवणे' हा आहे; रात्री वाट चुकून थांबलेला वाटसरू हा त्या दुव्याचा उत्तम दृष्टान्त आहे, पुरावा नव्हे. शब्दांच्या इतिहासात सुंदर गोष्ट आणि खरी गोष्ट पुष्कळदा एकमेकींसारख्या दिसतात, आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना चकवा लागतो तो तिथेच.

भाबडा वाचक :

एक बाळबोध शंका. 'ड्वेल' आणि आपले 'देऊळ' यांचा काही संबंध असू शकेल का? उच्चार जवळचा आहे, आणि देऊळ म्हणजे देवाचे राहण्याचे ठिकाणच आहे. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आहेत असे वाचले आहे, म्हणून विचारतो.

अक्षरवाटा :

शंका बाळबोध नाही, पण उत्तर 'नाही' असेच आहे, आणि ते का हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट अशी की 'देऊळ' हा शब्द 'देवकुल' या संस्कृत समासावरून, प्राकृतातील 'देउल' या रूपातून, आपल्याकडे आला; म्हणजे त्यातला 'ल' हा 'कुल'मधला आहे. दुसरी गोष्ट ध्वनींची. एकाच कुळातले शब्द ओळखायचे असतील तर ते आज सारखे ऐकू येतात की नाही हे पाहायचे नसते. ते नियमाने वेगळे झाले आहेत की नाही हे पाहायचे असते. संस्कृतातील 'द' इंग्रजीत 'ट' होऊन भेटतो. दश आणि टेन, द्वि आणि टू, दंत आणि टूथ या जोड्या पाहाव्यात. त्यामुळे 'देव' या शब्दाचा इंग्रजीतला खरा नातेवाईक 'ड'ने सुरू होणार नाही, आणि तसा तो होतही नाही. तो 'ट्यूज्डे' या वाराच्या नावात लपलेला आहे, कारण त्या वाराचा मूळ देव 'टीव' होता. उलट इंग्रजीतील 'ड'समोर संस्कृतात सहसा 'ध' येतो. विडो आणि विधवा, मीड नावाची मधाची दारू आणि मधु, रेड आणि रुधिर, 'डू' हे क्रियापद आणि 'धा' हा धातू. डोअर आणि द्वार या जोडीत हा नियम मोडलेला दिसेल. तिथे संस्कृतातला अपेक्षित 'ध' हा 'द्वि'च्या प्रभावाने, म्हणजे दाराच्या दोन फळ्यांमुळे, 'द' झाला असे मानतात.

मग 'ड्वेल'चा सोयरा आपल्याकडे 'ध'ने सुरू होणारा हवा. व्युत्पत्तिकोश त्याचे मूळ ज्या प्राचीन धातूपर्यंत नेतात त्याचा अर्थ 'धूर, धूळ, वाफ' असा आहे आणि आपला 'धूम' त्याच धातूचा मानला जातो. धूर डोळ्यांत गेला की वाट दिसत नाही, आणि डोक्यात गेला की बुद्धी चालत नाही. मंदबुद्धीचा इंग्रजी 'डल', वेडा या अर्थाचा जर्मन 'टोल' आणि मूर्ख या अर्थाचा गॉथिक (जर्मानिक कुळातली एक लुप्त भाषा) 'द्वाल्स' हे सगळे याच घरातले भाऊबंद. याच कुळातले 'ड्वेल' हे नामही मध्ययुगीन इंग्रजीत होते. लिहिताना त्याची अक्षरे थोडी वेगळी असत. ते बेलाडोना या विषारी वनस्पतीचे नाव होते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला गुंगी आणण्यासाठी देत असलेल्या एका पेयाचेही. त्या पेयात अफू, खुरासनी ओवा, हेमलॉक, रानडुकराचे पित्त आणि व्हिनेगर असे साहित्य पडत असे, आणि रोगी त्यातून पुन्हा जागा झाला तर ते त्याचे नशीब. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसरच्या एका कथेत गिरणीवाल्याचे कुटुंब इतके प्यायलेले असते की त्यांना झोपायला 'ड्वेल'ची गरज नव्हती, असे तो मिश्किलपणे नोंदवतो.

कालव्याकाठी :

मी गेली बारा वर्षे नेदरलँड्समध्ये आहे, त्यामुळे हा धागा वाचताना सारखी मान डोलावत होते. डच भाषेत 'द्वालन' हे क्रियापद आजही रोजच्या वापरात आहे आणि ते अजिबात घरी आलेले नाही. त्याचा अर्थ भटकणे, भरकटणे असाच आहे. इथे आल्यानंतर पहिल्या महिन्यात पाठ केलेल्या वाक्यांत 'इक बेन फरद्वाल्ड', म्हणजे 'मी वाट चुकले आहे', हे होते. दलदलीवर रात्री दिसणाऱ्या आणि वाटसरूला भुलवणाऱ्या ज्योतीला 'द्वाल-लिख्त' म्हणतात, म्हणजे खाडीपलीकडे यांच्या चकव्याला डच नावही मिळाले. राहण्यासाठी मात्र इथे 'वोनन' हा वेगळा शब्द आहे.

माझी एक मैत्रीण आइसलँडची आहे. तिच्या भाषेत याच कुळातला 'द्वोल' म्हणजे वास्तव्य, आणि परदेशी माणसाला सरकार जो निवास-परवाना देते त्याच्या नावाची सुरुवातही याच शब्दाने होते. डॅनिशमध्ये 'द्वाले' म्हणजे प्राण्यांची हिवाळ्यातली दीर्घ झोप. एकाच कुटुंबातला एक भाऊ अजून रानात फिरतो आहे, एक झोपला आहे आणि एकाने परवाना काढला आहे.

मला विचारायचे होते ते असे की 'वोनन' आणि जर्मन 'व्होनन' यांचा जोडीदार इंग्रजीत नव्हता का? असता तर 'ड्वेल'ला ही जागा मिळालीच नसती.

अक्षरवाटा :

होता, आणि चांगला दणकट होता. जुन्या इंग्रजीत राहण्यासाठी 'वुनियन' आणि 'एआर्डियन' ही नेहमीची क्रियापदे होती. पुढे दोन्ही मागे पडली. पहिल्याचा एक तुकडा 'वोंट', म्हणजे 'सवय', या शब्दात उरला आहे. ती जागा रिकामी होत असतानाच 'ड्वेल' तिथे येऊन थांबले. नंतर 'लिव्ह'ने रोजचे काम काढून घेतले आणि 'ड्वेल'कडे कायदा, कविता आणि प्रार्थना उरली.

सायंप्रार्थना :

प्रार्थनेचा उल्लेख आलाच आहे म्हणून लिहितो. मी मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढलो आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आम्हाला लहानपणापासून पाठ असतो. त्यातील चौदावे वचन ('शब्द देही झाला' आणि तो माणसांत येऊन राहिला, असे सांगणारे) इंग्रजीत 'ड्वेल'चा इतिहास शतकानुशतके टिपत आले आहे, हे मला याच धाग्यामुळे तपासावेसे वाटले.

इसवी सन १००० च्या सुमाराच्या जुन्या इंग्रजी शुभवर्तमानात या वचनात 'एआर्डोडे' आहे, म्हणजे अक्षरवाटा यांनी सांगितलेले 'एआर्डियन'. तेव्हा कोणी तिथे 'ड्वेल्लन' लिहिले असते तर 'शब्द देही झाला आणि त्याने आम्हांला भुलवले' असा भयंकर अर्थ झाला असता आणि लिहिणाऱ्याची गणना येड्वोलमनांत झाली असती. १३८० च्या दशकातील, जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या परंपरेतल्या भाषांतरात मात्र तिथे निर्धास्तपणे 'ड्वेल' आले आहे, आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येही तेच कायम आहे. साधारण पावणेचारशे वर्षांत शब्दाचे पाप धुतले गेले.

मूळ ग्रीक क्रियापद तर आणखी निराळे आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'तंबू ठोकला' असा होतो. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात तिथे 'वस्ती केली' असे शब्द आहेत, आणि मला ते इंग्रजीपेक्षा मूळाच्या अधिक जवळचे वाटतात, कारण मराठीत वस्ती म्हणजे गावही होते आणि एका रात्रीचा थांबाही होतो. तेविसाव्या स्तोत्राच्या शेवटी, जिथे इंग्रजीत पुन्हा 'ड्वेल' आहे, तिथे मराठीत मात्र 'चिरकाल राहीन' असे आहे. ज्यांनी हे शब्द निवडले त्यांना तात्पुरते राहणे आणि कायमचे राहणे यांतला फरक चांगलाच कळत असला पाहिजे.

चाकणचा टर्नर :

आपण सर्व विद्वान मंडळी आहात, मी सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनी धातू कापणाऱ्या यंत्रावर, काम करणारा माणूस आहे. पण 'ड्वेल' हा शब्द या धाग्यावर सर्वांत जास्त वेळा कोणी उच्चारला असेल तर तो मी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्याकडे कोणी त्याचे भाषांतर करत नाही. 'ग्रूव्हच्या (खाचेच्या) तळाला ड्वेल टाक' असेच म्हणतात.

मशीनच्या प्रोग्रॅममध्ये 'जी-०४' ही आज्ञा ड्वेलची असते. तिचा अर्थ असा की स्पिंडल, म्हणजे फिरणारा आस, फिरत राहील, पण टूल, म्हणजे कापणारे हत्यार, पुढे किंवा मागे न सरकता दिलेला वेळ आहे तिथेच थांबेल. आमच्या कंट्रोलवर 'पी १०००' लिहिले की एक सेकंद. ग्रूव्हच्या तळाशी टूल पोहोचल्याबरोबर मागे घेतले तर तळ पूर्ण गोल होत नाही, कारण शेवटच्या खोलीवर जॉबचा (ज्या धातूच्या तुकड्यावर काम चालू आहे त्याचा) एक पूर्ण फेरा झालेला नसतो. स्पिंडल मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो; म्हणून निदान तेवढा, आणि सावधगिरीने त्याच्या दुप्पट, ड्वेल ठेवायचा. त्याहून जास्त ठेवला तर टूल नुसते घासत बसते, तापते आणि जॉबवर चट्टा येतो. ड्रिलिंगमध्येही 'जी-८१' या सायकलमध्ये तळाशी थांबा नसतो आणि 'जी-८२'मध्ये असतो, एवढाच मुख्य फरक.

माझे वडील गॅरेजमध्ये होते. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (इंजिनाच्या ठिणग्या वाटून देणाऱ्या भागात) कॉन्टॅक्ट पॉइंट जितके अंश मिटलेले राहतात त्याला ते 'ड्वेल अँगल' म्हणत. आमच्या व्यवसायात घराचा अर्थ कुठेच नाही. अक्षरवाटा यांनी सांगितलेला डेनिश लोकांचा अर्थ, म्हणजे थांबून राहणे, तो चाकणमध्ये तीन पाळ्यांत चालू आहे.

अक्षरवाटा :

टर्नरसाहेब, या धाग्यावरची सर्वांत नेमकी व्याख्या तुम्ही दिली आहे. 'फिरणे चालू राहील, पण जागा सुटणार नाही' यात भरकटणेही आले आणि राहणेही आले.

विधिज्ञा :

कायद्यातही हा शब्द ठाण मांडून आहे, आणि त्याने काही काळ स्त्रियांचे बरेच नुकसान केले आहे, म्हणून थोडे लिहिते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३८० हे 'ड्वेलिंग हाउस'मधील चोरीचे. वृत्तपत्रांतून आपण 'राहत्या घरात चोरी' असे वाचतो ते हेच. त्या कलमात इमारतीबरोबर तंबू आणि जहाजही येते, अट एवढीच की माणूस तिथे राहत असला पाहिजे किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी ती जागा वापरली जात असली पाहिजे. म्हणजे घराचे घरपण भिंतींवरून न ठरवता वापरावरून ठरवले आहे, आणि सायंप्रार्थना यांच्या तंबूलाही तिथे संरक्षण आहे. आता भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३०५ मध्ये गेला आहे.

दुसरे उदाहरण १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील कलम २३ चे. मृत व्यक्तीने मृत्युपत्र केलेले नसेल आणि तिच्या मागे कुटुंबाच्याच पूर्ण वापरात असलेले 'ड्वेलिंग हाउस' असेल, तर पुरुष वारस स्वतः वाटणी करायचे ठरवेपर्यंत स्त्री वारसाला त्या घराची वाटणी मागता येत नसे. तिला फक्त 'रेसिडन्स'चा हक्क होता, आणि मुलीच्या बाबतीत तोही ती अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून विभक्त असेल तरच. एकाच कलमात घर 'ड्वेल'चे आणि हक्क 'रिसाइड'चा. भाऊ ठरवीपर्यंत बहिणीने थांबायचे. २००५ च्या दुरुस्तीने हे कलम काढून टाकले. शब्दाचा एक जुना अर्थ 'खोळंबून ठेवणे' असा होता हे आज कळले, आणि कलम २३ चा मसुदा करणाऱ्यांना तो नकळत साधला होता असे वाटून गेले.

अनुवादिनी :

इतके मिळेल असे वाटले नव्हते. विधिज्ञाताई, 'राहते घर' हा शब्दप्रयोग मी रोज लिहिते, पण त्यातले वर्तमानकाळाचे महत्त्व आज लक्षात आले. आता माझा दुसरा प्रश्न उरला आहे. 'लिव्ह' आणि 'रिसाइड' यांची मुळे राहण्याची आहेत की तीही कुठून तरी भटकत आली आहेत? आणि मराठीतला जवळचा शब्द कोणता?

अक्षरवाटा :

ती दोघेही सोज्वळ आहेत. 'रिसाइड' हे लॅटिन 'बसणे'वरून आले असून त्याचा धातू आपल्या 'सद्'चा सख्खा भाऊ आहे; त्यामुळे 'सदन' आणि तुमची 'सदनिका' ही खरे तर 'रिसाइड'ची भाषांतरे आहेत, 'ड्वेल'ची नव्हेत. 'लिव्ह'च्या मुळाशी 'चिकटून राहणे' हा अर्थ असून तोच धातू आपल्याकडे 'लिंपणे' या क्रियापदात आहे.

मराठी शब्दांकडे वळताना 'वस्' या धातूपाशी थोडे थांबावे लागेल. वस्ती, वास, निवास, वसतिगृह हे सगळे त्याचे. मूळ भाषाकुळात या धातूचा अर्थ 'रात्र काढणे, मुक्कामाला राहणे' असा होता. इंग्रजीत तो घराच्या अर्थाने टिकला नाही, तर थेट 'असणे' झाला: 'वॉज' आणि 'वेअर' ही भूतकाळी रूपे याच धातूची आहेत. आपल्याकडे त्याला उपसर्ग लागून जे झाले ते पाहण्यासारखे आहे. 'उपवास' म्हणजे मुळात जवळ राहणे. यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी येऊन त्याच्याजवळ राहतात, आणि पाहुण्यांच्या आधी आपण जेवणे बरे दिसत नाही, असे स्पष्टीकरण शतपथ ब्राह्मणात दिलेले आहे. आज 'उपवास' म्हणताना राहण्याची आठवण कोणालाही होत नाही.

'प्रवास'ची गोष्ट तर 'ड्वेल'च्या गोष्टीला आरशात धरल्यासारखी आहे. संस्कृतात 'प्रवास' म्हणजे घर सोडून परगावी राहणे. साहित्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी 'प्रोषितभर्तृका' ही जिचा नवरा असा परगावी राहिला आहे ती स्त्री, आणि 'प्रोषित' हे 'प्र' आणि 'वस्' यांचेच रूप आहे. मराठीत मात्र राहणे गळून पडले आणि जाणे उरले. आज पुण्याहून सोलापूरला निघालेला माणूस प्रवासात असतो, आणि तिथे पोहोचून राहिला की त्याचा प्रवास संपतो. इंग्रजीत भरकटणाऱ्या शब्दाने घर केले आणि आपल्याकडे राहणारा शब्द वाटेला लागला.

आता जवळचा शब्द. 'राहणे' हा मोठा दावेदार आहे, कारण त्यातही मागे पडणे, उरणे, थांबणे आणि घर करणे हे सगळे आहे: 'डबा घरीच राहिला', 'काम राहिले', 'राहू दे', 'पुण्यात राहतो'. परंतु माझे मत 'मुक्काम'च्या बाजूने आहे. हा शब्द अरबीतून आला. तिथे त्याचे मूळ 'उभे राहणे' या अर्थाच्या धातूत आहे. मराठीत त्याचा अर्थ प्रवासातला थांबा असा झाला. फौजेचा मुक्काम, पालखीचा मुक्काम, पाहुण्यांचा चार दिवसांचा मुक्काम. आणि तरीही ज्या माणसाच्या सात पिढ्या एका गावात गेल्या तोही पाकिटावर आपला पत्ता 'मु. पो.' असाच लिहितो, म्हणजे मुक्काम अमुक, पोस्ट तमुक. थांब्याच्या शब्दाने कायमचे घर सांगणे हे 'ड्वेल'ने तेराव्या शतकात केले. आपण ते पोस्टाच्या पत्त्यावर केले.

खाडीपलीकडे :

'वस्ती'वर अन्याय झाला असे वाटते. एसटीची शेवटची गाडी रात्री आमच्या गावात येऊन थांबते आणि पहाटे परत निघते, तिला आम्ही वस्तीची गाडी म्हणतो. चालक-वाहकही गावातच झोपतात. अक्षरवाटा यांनी 'वस्'चा जो सर्वांत जुना अर्थ सांगितला, रात्र काढणे, तो मला तरी त्या गाडीइतका शुद्ध दुसरीकडे कुठे भेटलेला नाही. 'मुक्कामी गाडी' असेही काही ठिकाणी म्हणतात, त्यामुळे भांडण मिटवायचे असेल तर तीच गाडी पंच म्हणून चालेल.

अनुवादिनी :

सर्वांचे आभार. काम काल देऊन टाकले. 'ड्वेलिंग युनिट'ला 'सदनिका'च ठेवले; ती 'रिसाइड'ची असली तरी आता तिला हलवणे माझ्या हाती नाही. दुसऱ्या वाक्यासाठी मी प्रथम 'त्या विषयावर अधिक रेंगाळण्याची आमची इच्छा नाही' असे लिहिले होते. ताब्याच्या विलंबाशेजारी 'रेंगाळणे' हा शब्द नको, असे तिकडून कळवण्यात आले, म्हणून 'त्या विषयाच्या अधिक खोलात जाण्याची इच्छा नाही' असे केले. मूळ शब्द त्यांचाच होता आणि त्याचा अर्थ रेंगाळणे हाच होता, हे मी त्यांना कळवले नाही.

चाकणचा टर्नर :

ताई, पुढच्या वेळी त्यांना एवढेच विचारा की ताब्याला ड्वेल किती सेकंदांचा टाकला आहे. आकडा दिल्याशिवाय आमचे मशीनसुद्धा थांबत नाही.